मुक्या स्पीकरचा इलाज

लॅपटॉप पाट्यासारखे जड असत, त्या काळची गोष्ट. एका लॅपटॉपवरचा जुना कारभारी गेला आणि लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेंग्विन नवा कारभारी म्हणून आला. कीबोर्ड, पडदा, पंखा सगळे त्याचं ऐकू लागले. स्पीकर मात्र मुका.

"त्याला फक्त जुन्या कारभाऱ्याचीच भाषा कळते," पंखा म्हणाला.

पेंग्विन इंटरनेटच्या चावडीवर गेला. तिथे कुण्या लॅपटॉपनं हेच दुखणं मांडलं होतं आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, "जमलं! धन्यवाद!"

"अरे मेल्या, कसं जमलं ते सांगून जायला काय झालं होतं तुला?" पेंग्विन किंचाळला.

मग स्वतःच्या नावाला नाही, तर नातलगाच्या नावाला तरी ओ देईल म्हणून तो स्पीकरला त्याच्या भावकीतल्या एकेका मॉडेलच्या नावानं हाका मारत सुटला. एका लांबच्या चुलत्याच्या नावाला स्पीकरनं अचानक ओ दिली आणि तो असा दणदणीत वाजला, की पडदा थरथरला, पंखा गरगर नाचला, कीबोर्डनं सगळी बटणं एकदम बडवली.

आनंदानं वेडा झालेला पेंग्विन धावतच चावडीवर गेला आणि त्या जुन्या दुखण्याखाली लिहून आला, "आमचंही जमलं! धन्यवाद!"