पाठ कुणाकडं?

"पण हिच्यात कमी काय आहे, बाबा?"

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं. मुखवटे घडवणारे लाखमाबाबा बांबूची कामटी तासत राहिले.

बोहाडा पाच दिवसांवर आला होता. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं गावातून नाचणार, आणि यंदा देवीचा मुखवटा नवा हवा होता. कला महाविद्यालयाचं सुवर्णपदक मिरवणारा हेरंब वर्षभर या म्हाताऱ्याच्या झोपडीत राहिला होता तो त्यासाठीच. आपली देवी नाचावी आणि लोकांनी विचारावं, हा हात कुणाचा? एवढी एकच आस त्याला लागली होती.

देवी झालीही होती तशी. नुसते डोळे रंगवायला त्याने दोन महिने घेतले होते. गावच्या बायका येऊन हात जोडून गेल्या.

बाबा मात्र तिला उंबऱ्याबाहेर नेऊ देईनात. म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, दुसरं काय, असं हेरंब मनात म्हणाला.

"भाकरी खायला बसतोस, तवा तुझी पाठ कुणाकडं असती?" बाबांनी एकदम विचारलं.

"म्हणजे?"

"आठव."

समोरच्या कुडाच्या भिंतीवर बाबांच्या आज्याने केलेली जुनी देवी टांगलेली होती. रंगाचे पोपडे उडालेले, एक कान उंदरांनी खाल्लेला, डोळ्यांच्या जागी दोन वेडीवाकडी भोकं. अलीकडच्या कुडावर हेरंबची नवी.

हेरंबने आठवलं, आणि भरदुपारी त्याच्या अंगावर काटा आला. त्या जुनीकडे पाठ करायची हिंमत त्याला वर्षभरात एकदाही झाली नव्हती. नवीला मात्र पाठीशी घेऊन तो खुशाल जेवत होता, घोरतही होता.

"तिच्यात... काय आहे, बाबा?"

बाबांनी कामटी बाजूला ठेवली. नवा मुखवटा खाली उतरवला आणि हेरंबच्याच तोंडावर बांधला.

आत मिट्ट काळोख होता. ओल्या कागदाचा, खळीचा वास येत होता. डोळे इतके साधले होते की त्यांत भोकं पाडायला हेरंबचा हात धजलाच नव्हता. नाचणाऱ्याला दिसावं म्हणून त्याने नाकाखाली एक फट ठेवली होती.

"काय दिसतंय?"

"माझेच पाय."

"आनखी?"

"काही नाही."

मग हेरंबने कान टवकारले. आत कुणीतरी श्वास घेत होतं. त्याने आपला श्वास रोखून धरला...

तो श्वास चालूच राहिला.

"बाबा! आत कुणीतरी आहे!"

"हां. देवी आलीय खरी. आठ दिस झाले, वाट दिसंना, चाचपडतीय."

हेरंबने गाठी ओरबाडून मुखवटा काढला. बाबांनी शांतपणे चुलीतल्या निखाऱ्यातून लाल झालेला दाभण चिमट्याने उचलला आणि चिमटा त्याच्या हातात दिला. "पाड भोकं."

हेरंबने ते टोक देवीच्या उजव्या बुबुळापर्यंत नेलं. तिथेच थांबला. दोन महिने घालवले होते त्याने त्या बुबुळावर. त्याला रडू फुटलं.

"नका सांगू मला हे, बाबा... डोळे फुटतील!"

म्हाताऱ्याने जुन्या देवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कुणाचे?"