मुलाखतीत खणलेलं बीळ

घूस ओरडून ओरडून सांगत होती, पण जंगलात तिचं कुणी खरं धरीना. "नोकरी मिळाली नाही, म्हणून बिचाऱ्या कोल्ह्याच्या नावाने खडे फोडतेय!" असं सायाळ म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणाली, हे ध्यानात ठेवा बाळांनो.

झालं होतं असं. कोल्ह्याने दवंडी पिटली, "बिळं खणणारी पाहिजे. रोजचा दाणा आणि टेकाडावर कोरडी जागा मिळेल." घुशीचं घर ओढ्याकाठी. पाणी आत शिरायला लागलेलं, पिल्लं भिजून कुडकुडत होती. ती धावत मुलाखतीला गेली. कोल्हा दगडावर पाय पसरून बसला होता. "जरा खणून दाखव." तिथे एक खड्डा आधीच होता, तोच तिने पुढे खणला. "छान! उद्या वळण घेऊन दाखव." वळण झालं. "आता आत ऐसपैस खोली कर बघू." खोलीही झाली. मग कोल्हा जांभई देत म्हणाला, "कळवतो हं."

त्या 'कळवतो'पायी घुशीचा जीव टांगणीला लागला. पान वाजलं की ती बाहेर, पाणी वाढलं की आत. खाल्लेलं अंगी लागेना. शेवटी न राहवून टेकाडावर गेली, तर त्याच खोलीत कोल्हा लोळत पडलेला! "निवड अजून चालू आहे," तो आतूनच म्हणाला. कोल्ह्याने फुकटात बीळ खणून घेतलं, असं तिने जंगलभर सांगितलं; सगळे हसले. मग तिला तो आधीचा खड्डा आठवला. ती पुन्हा गेली आणि दाराशी उपसलेली माती उकरली. मातीत एक काळा-पांढरा काटा निघाला.

तो तिने सायाळीपुढे टाकला. "सायाळताई, माझ्याआधी तो खड्डा कुणी खणला गं?"

"मी कशाला जाते मुलाखतीला!" सायाळ फणकारली. मग तिची मान खाली गेली. "मला म्हणाला, तुझे पंजे बोथट. सगळे हसतील, म्हणून बोलले नाही."

"तू बोलली नाहीस, म्हणून मी गेले! ऊठ आता."

सायाळ काटे फुलवून पाठमोरी बिळात शिरली. आतून कोल्हा किंचाळला, "अगं, लागली नोकरी! दोघींनाही लागली!"

"चुलीत घाल तुझी नोकरी," घूस म्हणाली, "खोली रिकामी कर."

अंग चोरून तो निसटला, पण नाकभर काटे घेऊन पळताना सगळ्या जंगलाने त्याला पाहिलं. आणि घुशीची पिल्लं कोरड्या मातीत निजली.

तात्पर्य : फसलेला लाजून गप्प बसला, की पुढचा फसतो. लाज ज्याची त्याच्या पदरात टाकावी आणि चारचौघांत नाव घेऊन सांगावं : कोल्हा.