कोऱ्या सुरीचा नवस

फार फार पूर्वी, नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावातली सुंद्रा नावाची बाई देवीला एक नवस बोलली होती. तिचं तान्हं बाळ तापाने फणफणलं होतं, डोळा उघडत नव्हतं. सुंद्राने पदर पसरला आणि म्हणाली, "आई, माझं लेकरू हसू दे. कशालाही न लावलेली कोरी सुरी आणीन आणि तुझ्यापुढे एका घावात कोहळा कापवीन."

ताप उतरला. बाळ हसलं. सुंद्रा लगबगीने लोहाराकडे गेली आणि तिने रुंद पात्याची नवी सुरी पसंत केली. पातं कसं आरशासारखं लखलखत होतं!

"थांबा वहिनी," लोहार म्हणाला, "दगडावर घासून धार लावून देतो."

सुंद्राने सुरी झटकन मागे घेतली. "नको हो दादा! दगडाला लागली म्हणजे वापरलीच की. मग ती कोरी कुठली?"

"अहो, देवीसुद्धा हत्यार परजूनच राक्षसावर जाते!"

"चेष्टा पुरे. देवीचं काम आहे, देवी बघून घेईल."

लोहाराने हात जोडले. सुंद्राने सुरी लाल फडक्यात गुंडाळली आणि घरी नेली. कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही.

नवस फेडायचा दिवस उजाडला. देवळापुढे सारा गाव जमला. कोहळ्याला हळदकुंकू वाहिलं. कोहळा पुरुषाने कापायचा अशी तिथली रीत, म्हणून सुंद्राच्या नवऱ्याने सुरी उचलली. वाजंत्री थांबली.

घाव पडला. पण पातं कोहळ्याच्या सालीवरून घसरलं, आणि त्या जोरात सुरीचं टोक नवऱ्याच्याच डाव्या तळहातात घुसलं. कोहळा तसाच धड राहिला. पायरीवर रक्त ठिबकलं.

"अगं बाई! देवीने नवस झिडकारला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. साऱ्यांच्या नजरा सुंद्राच्या कडेवरच्या बाळाकडे वळल्या.

सुंद्राच्या पायांखालची जमीन सरकली. एवढी हौसेने आणलेली सुरी, आणि साधा कोहळा कापू नये? भीतीने आणि रागाने ती बोलून गेली, "मेल्या लोहाराने मला हे काय दिलं!"

झालं. ठिणगी पडायचाच अवकाश होता. चौघांनी लोहाराला ओढत पुढे आणलं. पाटील गरजले, "देवीच्या कामात खोटं पातं? दिवस मावळायच्या आत भाता गुंडाळ आणि गाव सोड. नाहीतर तुझं खोपट पेटवून देऊ."

लोहाराची बायको दिवस भरलेली होती. ती मटकन खाली बसली. "या अवघडल्या देहाने कुठं जाऊ हो मी?" ती रडू लागली.

लोहार मात्र एवढंच म्हणाला, "मी काय सांगू? वहिनींनाच विचारा."

सारा गाव सुंद्राकडे पाहू लागला. तेवढ्यात सासूने मागून तिचा दंड घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटली, "तोंड उघडशील तर बघ! दोष तुझ्यावर आला की देवी लेकराला सोडायची नाही."

गप्प राहावं, तर एक बाई रस्त्यावर बाळंत होणार. बोलावं, तर आपल्या बाळाचं काय होणार? तिने बाळाला आणखी घट्ट धरलं. बाळ तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं.

"बोल सुंद्रा," पाटील म्हणाले.

"सोडा त्यांना." ती म्हणाली. "ते धार लावून देत होते. मीच लावू दिली नाही. हट्ट माझा होता. देवीला कोपायचं तर माझ्यावर कोपू दे. माझ्या लेकरावर नको, आणि त्यांच्याही लेकरावर नको."

सासूने कपाळावर हात मारला. शेजारच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. आता काय होणार म्हणून सुंद्राने डोळे मिटून घेतले.

तेव्हा देवळाचा म्हातारा गुरव पुढे आला. "पोरी, डोळे उघड. धार लावू नको असं देवीने तुला कधी सांगितलं? ती अट तुझी होती. तिने मागितलं असेल तर फक्त खरं बोलणं, आणि ते तू आता दिलंस."

मग त्याने सुरी लोहाराच्या हाती दिली. लोहाराने तिथल्याच एका दगडावर पाणी शिंपडलं आणि पातं घासायला बसला. खर्र, खर्र. गाव श्वास रोखून ऐकत राहिला.

सुरी तयार झाली, पण सुंद्राच्या नवऱ्याचा हात बांधलेला. तो लोहाराला म्हणाला, "दादा, आमचा नवस तुम्हीच फेडा."

लोहाराने कपाळाला सुरी लावली आणि घाव घातला. कोहळ्याची दोन पांढरीशुभ्र भकलं दोन्हीकडे पडली. वाजंत्री पुन्हा दणदणली. पुढे त्याच गावात लोहाराची बायको सुखरूप बाळंत झाली, आणि पहिलं अंगडं टोपडं घेऊन गेली ती सुंद्राची सासू.

आपल्या हट्टाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारून कोणाचाच नवस फिटत नाही.

तेव्हा ऐकणाऱ्या लेकीबाळींनो, लेकरांनो, थोरांनो, घेतलेली वस्तू फसली तर देणाऱ्याला बोल लावण्याआधी आपण काय बोललो होतो ते आठवा. चूक आपली निघाली तर सुंद्रासारखं चारचौघांत सांगून टाका. भीती वाटेल, तरी सांगा. एवढं माझं मागणं आहे.