चाफ्याखालचं आसन

सांगणार नव्हतो. पण माहेराला आलेली लेक कौशी हटून बसलीय, सांगितल्याशिवाय चहा देत नाही म्हणते. तर ऐका.

"दुखतं दुखतं म्हणतेस, मग मला कधी कण्हताना दिसली का नाहीस?"

हे विचारणारा मठातला वैद्य. तिथल्या बाबांचा शिष्य, शिकलेला, मान ताठ. कौशीच्या ओटीपोटात दर महिन्याला कळा यायच्या, त्यावर ह्याच्या पुड्या. सोनोग्राफी साफ आली, तसा तो तिच्या सासरच्यांना म्हणाला, बापानं लाडावलेली आहे, सोंग करते. ते त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. तिला कायमची म्हणून माझ्याकडे धाडलं.

पाळीच्या दिवसांत बाईनं मठाचा उंबरा ओलांडायचा नाही. दुखायचं तेव्हाच. मग दिसणार कशी?

एका सकाळी मी तिला मठात नेत होतो, डोंगर चढतानाच तिची पाळी आली. ती बाहेर चाफ्याखाली मुटकुळं करून पडली. धुकं असं, की झाड तरंगत होतं आणि पोर त्याच्या मुळाशी विरघळत होती.

मी आत गेलो. बाबा धुनीपाशी होते. "बाहेर कोण आहे?"

"विटाळशी आहे, बाबा. तिकडं बघू नये," शिष्य म्हणाला.

बाबांनी आसन गुंडाळून काखेत मारलं, उंबरा ओलांडला, आणि धुक्यात जाऊन तिच्याजवळ अंथरलं.

मग धुक्यातून तिचा आवाज. कुठं दुखतं, कधीपासून, परसाकडं जाताना कसं, सगळं सांगत होती. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. बाबा मला म्हणाले, शहरात बायकांच्या डॉक्टरकडं ने.

डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं. म्हणाल्या, पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं, सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही. दुर्बीण घातली तेव्हा सापडलं. औषधानं दबतं, पुन्हा डोकं काढतं. बहुतेक वेळा पाळी जाईपर्यंत सोबत करतं.

सासरचे खाली मान घालून आले, माफी मागून तिला घेऊन गेले. ज्यानं पहिली मागायची, त्यानं अजून मागितली नाही.

नंतर एकदा मठात गेलो. आसन चाफ्याखालीच होतं, दवानं भिजलेलं, वर बाबा. शिष्य आत धुनीपाशी. माझ्याकडं न बघताच त्यानं आतून विचारलं, "बाबा, त्या पोरीचं हे दुखणं किती दिवस चालायचं?"

बाबांनी आसनावरचं एक फूल उचललं, बाजूला ठेवलं. माणूसभर जागा झाली...

"तू तिथून उठून इथं येईपर्यंत, दयाळगिरी."