पळसाची तीन पानं आणि एक काडी

एक होती टेकडी, टेकडीवर होतं कॉलेज आणि कॉलेजच्या मागे होता एक पळस. पळस म्हणतो, गोष्ट माझी. कॉलेज म्हणतं, गोष्ट माझी. पण खरं विचाराल तर गोष्ट आहे बकुळाची, म्हणून आपण तिच्याकडेच जाऊ या.

बकुळा अकरावीत होती, पण चणीनं इवलीशी. पहिल्या दिवशी फाटकावरचे शिपाईमामा तिला म्हणाले होते, "बाळ, शाळा खाली आहे हं!" हसू नका. बकुळा मात्र हसली होती, कारण तिला हसायला फार आवडायचं. तिची आई पळसाच्या पत्रावळी लावायची. पानाला पान जोडायचं, बारीक काडीनं टाचायचं, की झाली हिरवीगार गोल पत्रावळ. पण गावात आल्या चकचकीत प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि पत्रावळींना कुणी विचारेना. त्यात आईची बोटं सुजली. काडी धरली की कळ यायची थेट खांद्यापर्यंत.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी आई तिला जवळ घेऊन म्हणाली, "बकुळे, उद्या तुमच्या कॉलेजात आनंदमेळावा आहे ना? तिथे आपल्या पत्रावळींना एक जरी गिऱ्हाईक लागलं, तरी तू शीक. नाहीच लागलं, तर तुझं कॉलेज थांबलं, मी दुपारी तुझं तिथलं सामान न्यायला येते. माझ्या बोटांना आता तुझी बोटं लागतील गं, पोरी."

बकुळा "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण तिला कॉलेज फार आवडायचं. तिथला फळा, तिथलं वाचनालय, खिडकीतून दिसणारा तो सोनेरी गवताचा उतार, सगळं सगळं.

आता हा मेळावा साधासुधा नव्हता बरं का. प्राचार्या इनामदार मॅडमनी जाहीर केलं होतं, "बाजारातून आणून विकायचं नाही. स्वतःच्या डोक्यातून काढा, स्वतःच्या हातानं करा. जी वस्तू लोकांच्या खरोखर उपयोगी पडेल, ती करणाऱ्याला मागची बंद कार्यशाळा देईन. वर्षभर किल्ली त्याच्याकडे!" झालं! कॉलेजभर नुसती धांदल. कुणी साबण करतंय, कुणी कंदील करतंय, कुणी जुन्या छत्र्यांच्या पिशव्या शिवतंय.

मेळाव्याच्या सकाळी, गवतावरचं दव चमचम करत होतं तेव्हाच बकुळा पानांचा आणि पत्रावळींचा भलामोठा भारा डोक्यावर घेऊन आली. मागच्या पळसापाशी पोचली आणि थबकली. कुण्या उत्साही पोरांनी मेळाव्याचा फलक पळसाच्या अंगावर खिळे ठोकून लावला होता. एक नाही, दोन नाही, चांगले पाच खिळे!

"अरे देवा! याला दुखत नसेल का?" बकुळा कळवळली. तिनं भारा खाली ठेवला, दगड घेतला, एकेक खिळा हलवून हलवून काढला. बोटं लाल झाली. फलक तिनं भाऱ्याच्या दोरीनं नीट फांदीला बांधला, आणि खोडाच्या जखमांवर ओली माती लिंपली. पाचवा खिळा निघाला मात्र, आणि आतून आवाज आला, "हुश्श! सुटला एकदाचा माझा पदर!"

बघते तर काय! खोडावर अंगठ्याएवढी एक परी उभी. केशरी पाकळ्यांचा घोळदार झगा, झग्याला लांबसडक पदर, डोक्यावर काळ्या मखमलीची टोपी, आणि पंखांवर दवाचे चिमुकले थेंब लुकलुकताहेत. पळस फुलायला अजून दोन महिने होते, पण एवढं एक फूल जणू आधीच उमललं होतं.

"मी पळसपरी," परी पदर झटकत म्हणाली. "काल दुपारपासून अडकले होते. शंभर पोरं इथून गेली, सगळ्यांनी फलक वाचला. झाडाकडे बघितलंस तू एकटीनं. तीन मागणी देते तुला. ती समोरची फांदी दिसते ना? एका पानाला एक मागणं. पण आधी नियम ऐक. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या नाहीत. बक्षीस, पहिला नंबर, तयार वस्तू, असलं काही चालणार नाही. मी फक्त सुचवते, करायचं माणसानं. दुसरं, मागणं स्वतःसाठी नाही, स्वतःच्या घरासाठीही नाही. आणि तिसरं, खुडलेलं पान सुकलं की मागणंही सुकलं, म्हणून एका वेळी एकच पान..."

कट्!

परीचं वाक्य तोंडातच राहिलं. बकुळाच्या हातात देठ होता, आणि देठाला तीनही पानं.

आता यात बकुळाची काय चूक? पत्रावळीवाल्यांच्या घरात एकेक पान कधी कुणी खुडतं का? देठ चिमटीत धरायचा, मोडायचा, की तीन पानं एकदम हातात. लहानपणापासून तिनं तसंच केलं होतं. हात डोक्याच्या आधी धावला.

परीनं कपाळावर हात मारला. "अगं वेडाबाई! एकेक खुडून तीन वर्षं पुरवली असतीस ती! आता ऊन उतरेपर्यंत काय ते माग, नाहीतर तिन्ही फुकट."

"चुकलंच माझं," बकुळा रडवेली झाली. परीनं तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक चिमुकला पापा दिला आणि पानांच्या सळसळीत ती दिसेनाशी झाली.

बकुळानं तीन पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मेळाव्यात आपली जागा मांडली. तिच्या डाव्या हाताला होता भिवा, सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. त्यानं सायकलच्या सांगाड्याचं एक यंत्र केलं होतं. पायडल मारलं की वरची लोखंडी वाटी खालच्या तापलेल्या वाटीत गच्च बसायची. मध्ये कागद ठेवला की कागदाची वाटी व्हायला हवी होती. पण कागद फाटायचा, फर्रकन! "श्शी!" म्हणून भिवा पुन्हा पायडल मारायचा, पुन्हा फर्रकन.

उजव्या हाताला होती नसरीन. गेल्या होळीची वाळवलेली पळसफुलं उकळून तिनं केशरी रंग केला होता, हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी. चाटले तरी चालतील असे रंग! पण ती कागदी ताटल्यांवर वेलबुट्टी काढायची, की कागद भिजून मऊ पडायचा.

"तुझं बरंय गं," नसरीन सुस्कारली. "तुझ्या पत्रावळी निदान फाटत तरी नाहीत."

"पण कुणी बघतंय का त्यांच्याकडे?" बकुळा म्हणाली.

बकुळा फडकं उघडून उघडून पानांकडे बघायची. भिवासाठी काय मागावं? यंत्र तर चालत होतंच. नसरीनसाठी काय मागावं? रंग तर सुंदरच होते. प्रत्येकाकडे सगळं होतं, आणि तरी प्रत्येकाचं अडलं होतं. पानांच्या कडा हळूहळू वळायला लागल्या.

इतक्यात बातमी आली. दुपारच्या जेवणाला मिसळ आणि गुळाची लापशी होती. आचारी गणूकाकांची पातेली रटरटत होती, वास टेकडीभर दरवळत होता. पण ताटल्या आणणारा टेम्पो घाटात बंद पडला होता! तीनशे पोरं रांगेत उभी, पोटात कावळे ओरडताहेत आणि वाढायला भांडं नाही.

"घ्या! आता काय ओंजळीत वाढू रस्सा?" गणूकाका डाव आपटत म्हणाले.

बकुळा धावली. "काका, माझ्या पत्रावळी घ्या." पण होत्या अवघ्या चाळीस, आणि सपाट. रस्सा वाढला की इकडून तिकडे ओघळायचा. कुणीतरी हसलं. बकुळाचे कान लाल झाले. आणि फाटकातून कोण येताना दिसलं? आई. काखेत रिकामी पिशवी, सामान न्यायला आलेली.

बकुळाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ऊन उतरायला लागलं होतं. तीन पानं कोमेजत होती. तिला एकदम वाटलं, आत्ता म्हणावं, माझ्या आईची बोटं बरी कर. पण नियम म्हणजे नियम. आणि समोर तीनशे पोरं उपाशी उभी होती.

मग तिच्या हातांनीच उत्तर शोधलं. एका पानावर कधी कुणी जेवलंय का? पान जोडायचं असतं! तिनं भाऱ्यातली एक बारीक काडी उचलली, परीचं पहिलं पान दुसऱ्यावर ठेवलं, दुसरं तिसऱ्यावर, आणि टच्, टच्, टच्, तिन्ही पानं एकत्र टाचली. चिमुकला द्रोण झाला. तो ओंजळीत धरून ती पुटपुटली, "परीताई, भिवाला नसरीनचे रंग दिसू देत. नसरीनला माझी पानं दिसू देत. आणि या उपाशी पोरांना आपापले हात आठवू देत."

द्रोण झळाळला! केशरी, हिरव्या, सोनेरी ठिणग्या भुरभुर उडाल्या आणि माणसांच्या केसांत जाऊन विझल्या. कुणाला काही कळलं नाही. फक्त भिवा पायडल मारता मारता थांबला. नसरीन वळली, बकुळाच्या भाऱ्याकडे बघत राहिली, आणि किंचाळलीच, "भिवा! अरे, कागद कशाला घेतोस? पान घे ना, पान! ओलं पान फाटत नाही!"

"तीन पानं टाचून दे," भिवा ओरडला. बकुळानं दिली. त्यानं यंत्रात ठेवली, पायडल मारलं. फस्स करून वाफ आली आणि बाहेर पडली एक वाटी! खोलगट, गुळगुळीत, काठ कसा सुबक. गणूकाकांनी तीत पळीभर रस्सा ओतला. सगळ्यांनी श्वास रोखला. एक थेंब गळेल तर शपथ!

"आणि रंग?" भिवा म्हणाला. "नसरीन, तिखटाला केशरी काठ, गोडाला पिवळा! वाढणाऱ्याची गडबड नको."

मग काय विचारता! रांगेतली पोरं रांग मोडून पुढे आली. "मला शिकव, मला शिकव!" साबणवाल्यांनी पानं धुतली, कंदीलवाल्यांनी काड्या सोलल्या, छत्रीच्या पिशव्या शिवणाऱ्या पोरी तर टाचण्यात सगळ्यांच्या पुढे. काही द्रोण वाकडे झाले, काहींना भोकं पडली. बकुळा इकडून तिकडे भिरभिरत होती, "अरे, काडी आडवी घाल! हां, अस्सं!" आपली इवलीशी बकुळा, आणि तीनशे पोरांची मास्तरीण!

ऊन मावळायच्या आत शेवटच्या पोराच्या हातात लापशीची वाटी होती. टेकडीभर केशरी आणि पिवळे काठ चमकत होते.

इनामदार मॅडम आल्या. त्यांच्याही हातात वाटी होती, आणि नाकाला थोडी लापशी लागली होती, पण ते सांगायची कुणाची हिंमत? "उपयोगी वस्तू कोणती, हे आज मला शोधावं लागलं नाही," त्या म्हणाल्या. "मी स्वतःच जेवले तीत. पण किल्ली एक आणि तुम्ही तिघं. कुणाला देऊ?"

"मॅडम," बकुळा म्हणाली, "ती पळसाच्या फांदीला बांधून ठेवू या. ज्याला काही सुचेल त्यानं कार्यशाळा उघडावी. फक्त दोरीनं बांधायची हं, खिळा नको."

टाळ्या अशा वाजल्या, की पाखरं उडाली.

गणूकाका पुढे होऊन म्हणाले, "ते राहू दे. परवा माझ्याकडे लग्नाची पंगत आहे. या वाट्या मला हव्यात. कुणाशी बोलायचं?"

"माझ्या आईशी!" बकुळा ओरडली.

आई गर्दीच्या कडेला उभी होती. गिऱ्हाईक लागलं होतं, पण तिचा चेहरा उतरला. "आणि टाचायचं कुणी? माझी बोटं..."

"मावशी," नसरीननं तिला हाताला धरून यंत्रापाशी नेलं, "टाचायला आम्ही आहोत की. तुम्ही हे चालवा." आईनं बिचकत बिचकत पाय पायडलवर ठेवला. दाबलं. फस्स! वाटी बाहेर आली. आईनं पुन्हा दाबलं. पुन्हा वाटी. मग ती जी हसायला लागली, ती थांबेचना. "अगं बकुळे, बोटं वळली नाहीत तर नाहीत, पाय धडधाकट आहेत की माझे!" आणि तिनं काखेतली रिकामी पिशवी लेकीच्या हातात दिली. "घे. यात पुस्तकं भर."

त्या संध्याकाळी बकुळा तो तीन पानांचा द्रोण घेऊन पळसापाशी गेली. कोमेजलेली पानं पुन्हा ताजी टवटवीत झाली होती. परी फांदीवर पाय हलवत बसली होती.

"परीताई, मी नियम मोडला का गं?"

"एका वेळी एकच पान, हा नियम मी पुरा सांगितलाच कुठे? तू ऐकलंस कधी?" परी खुदकन हसली. "हजार वर्षं मी तीन तीन पानं वाटतेय. लोक एकेक जपून वापरतात, एकेक लपवून ठेवतात. टाचली मात्र कुणी नव्हती. आता तुम्हाला माझी गरज नाही. जाते मी."

परीनं पंख पसरले. आधी केशरी उजेड, मग सोनेरी, मग इतका लख्ख, की बकुळानं डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. पण ऐन मार्गशीर्षात सबंध पळस शेंड्यापासून बुंध्यापर्यंत फुलला होता, आणि एका फांदीला दोरीनं बांधलेली किल्ली वाऱ्यावर किणकिणत होती.

तीन पानांची ही गोष्ट, एका काडीनं टाचली, तुमच्या पुढ्यात वाढली. पोट भरलं असेल तर उठा बघू, आणि पुढच्या पंगतीला पानं टाचायला या.