शेवटची क्यू

मिरजेच्या जिमखान्यात दौलतराव तीस वर्षं मार्कर होते. पूलच्या टेबलाशी उभं राहून गुण मोजायचे, क्यूंची, म्हणजे खेळायच्या काठ्यांची, टोकं बसवायची आणि तोंड शक्यतो बंद ठेवायचं, ही त्यांची रीत. राज्यस्पर्धा आठवड्यावर आली आणि जिमखान्याची खेळाडू नीलाक्षी हिची क्यू वाकली, तेव्हा ते नीलाक्षीला घेऊन पुण्याला पाटणकरांच्या दुकानात गेले.

पाटणकर म्हणजे बडं प्रस्थ. मागच्या महिन्यात अठरा हजारांना विकली होती तशीच क्यू त्यांनी काचेच्या कपाटातून काढली आणि चाळीस हजार सांगितले.

"परदेशातून मालच येत नाही. ही शेवटची. अख्ख्या महाराष्ट्रात दुसरी सापडली तर दुकान तुमच्या नावावर करतो."

नीलाक्षीचा चेहरा उतरला. दौलतरावांनी क्यू टेबलावर घरंगळवून पाहिली. सरळ होती.

"हिला बाक आला तर?"

"वर्षभराची हमी. त्याच दिवशी अशीच नवी कोरी बदलून देईन. पाटणकरांचा शब्द आहे."

"ती कुठून देणार?"

पाटणकर कपाटाची काच पुसू लागले.

"दुसरी असेल, तर ही शेवटची नव्हे, मग चाळीस कशाचे? आणि दुसरी नसेल, तर हमी पोकळ, मग चाळीस कशाचे? दोनपैकी कुठलाही शब्द पाळा साहेब, आम्ही अठराच देणार."

हमीपत्र हातात घेऊन उभी असलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. पाटणकरांनी मुकाट्यानं अठरा हजारांची पावती फाडली, हमीसकट.

दौलतराव दारात थांबले.

"पडद्याआडून दिसल्या त्या आतल्या खोलीतल्या क्यू भिंतीला टेकवून ठेवू नका. वाकल्या, तर ही खरंच शेवटची ठरेल."