चुलीवरचा सिंह

पुष्कळ वर्षांमागे, दूर फ्रान्स देशात, डोंगरांमध्ये एक छोटंसं गाव होतं. खाली नदी, वर शेळ्यांची कुरणं आणि मधे एक टेकडी. टेकडीवर एके काळी किल्ला होता. तो पडला, तसे लोकांनी त्याचे दगड उचलून आणले आणि घरं बांधली. टेकडीवर नुसतं गवत उरलं.

गावचा सरपंच चीज करायचा. चीज नामी, पण बाजार लांब. न्यायला गाडी नाही, म्हणून निम्मं वाटेतच खराब व्हायचं. अशात बातमी आली, की घोड्यांची टपालगाडी सुरू होणार. ती दरीतल्या एकाच गावी थांबणार आणि ते गाव निवडायला टपालखात्याचा साहेब येणार. पलीकडच्या गावात उंच मनोऱ्याचं चर्च होतं. आपल्याकडे दाखवायला काय आहे, या विचारानं सरपंचाला घास गोड लागेना.

मग त्याला युक्ती सुचली. त्यानं दवंडी पिटली, की ज्याच्या घरात किल्ल्याचा दगड असेल त्यानं तो काढून आणावा, आपण टेकडीवर बुरूज उभारू.

लोक कामाला लागले. पिंपं बनवणाऱ्यानं डुकरांच्या गोठ्याचा दगड ओढला, तर भिंतच बसली आणि डुकरं सगळ्यांच्या कोबीत शिरली. बायका नदीवर गेल्या, तर धुण्याचे दगड गायब. सरपंचाची बायको ओलं धुणं घेऊन तशीच परत आली आणि म्हणाली, "हे आता तुमच्या बुरुजावर आपटू का?" सरपंच तोवर पुढच्या घराकडे निघालाही होता.

सगळ्यांत देखणा दगड तेवढा राहिला होता. त्यावर सिंह कोरलेला होता. शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या गास्पारच्या घरात तो चुलीवर आडवा बसवला होता आणि सगळं धुराडं त्याच्यावर टेकलेलं होतं.

सरपंच पहार घेऊन आला. गास्पार भांडला नाही. सिंहाखाली झोपलेलं मांजर त्यानं उचलून घेतलं.

"ने बाबा," तो म्हणाला. "फक्त धुराडं कशावर ठेवू, तेवढं सांगून जा. थंडी तोंडावर आलीय."

सरपंचानं पहार लावली. वरून चुना आणि काजळी थेट सूपच्या भांड्यात पडली. त्यानं दगडाला हात लावला. दगड छान ऊबदार होता. हा निघाला तर म्हाताऱ्याचं घर जाणार, राहिला तर गावची गाडी जाणार.  मग सरपंचानं पहार खाली ठेवली आणि तो पळीनं सूपमधली काजळी काढू लागला.

त्याच दिवशी त्यानं घरोघर जाऊन सांगितलं, की आपापले दगड परत लावा.

पुढे साहेब आला. त्याच्या नकाशात टेकडीवर किल्ला होता; तिथं नुसतं गवत पाहून त्यानं किल्ला कुठे म्हणून विचारलं.

सरपंच मान खाली घालून म्हणाला, "आम्ही त्यात राहतो, साहेब."

साहेबाला काही कळेना, तेव्हा सरपंचानं त्याला गावभर फिरवलं. कोंबड्यांच्या खुराड्याला बाण मारायचा झरोका होता. डुकरांच्या गोठ्याला महालाची चौकट होती. नदीवर जुन्या बुरुजाच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. साहेबाला हसू आवरेना. किल्ल्याचा पुढचा तुकडा तोच शोधू लागला, आणि प्रत्येक घरी कुणी ना कुणी त्याच्या हातावर चीज ठेवलं. शेवटी तो गास्पारकडे सिंहाजवळ बसून सूप प्याला.

"पडके किल्ले मी पुष्कळ पाहिले," तो म्हणाला, "पण कुठल्या किल्ल्यानं मला जेवू घातलं नव्हतं. गाडी इथंच थांबेल."

तात्पर्य: वाडवडिलांचं जे आज कुणाच्या उपयोगी पडतंय, तेच टिकलं असं समजावं, ते मिरवण्यासाठी कुणाचं घर मोडू नये.